पोट धरून धावणारे पोट्टे : भरतीच्या तयारीत दडवलेलं दुखणं

पहाटे पाच-साडेपाचला उमरेड रोडनं या, काटोल रोडनं या, नाहीतर मनसर-रामटेककडून या. रस्त्याच्या कडेनं तीन-चारच्या टोळक्यानं धावणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, कुणाचा बाप मोटारसायकलवर मागे. त्यातला एखादा मधेच थांबतो, बरगडीखाली हात दाबतो, वाकतो. बाकीचे ओरडतात, "काऊन थांबला बे?" तो म्हणतो, "काही नाही, पोटात कळ आली." दोन मिनिटांनी पुन्हा धावायला लागतो.

हे "काही नाही" बहुतेक वेळा खरंच काही नसतं. पण दर वेळी नाही. फरक ओळखणारं माणूस मात्र त्या रस्त्यावर कुणीच नसतं. आपल्या तालुक्यांत पोटाच्या दुखण्याला नावं भरपूर आहेत. उसण भरली, लचक भरली, वायगोळा उठला, बेंबी सरकली. इलाज मात्र दोनच, पोट चोळून घेणं किंवा गोळी-सुई. आणि दोन्हीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदान.

एका सकाळचा हिशेब

पोरं थांबत का नाहीत, हे समजायला भरतीचा हिशेब पाहावा लागतो. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं आणखी सुमारे १५ हजार पदांना मंजुरी दिली आणि गावोगावची मैदानं पुन्हा भरली.

शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलांनी १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर पूर्ण गुण, त्यापुढे सेकंद वाढले की गुण घसरत जातात. किमान निम्मे गुण लागतातच, पण निम्म्यावर कुणाचं भागत नाही. लेखी परीक्षेला एका जागेमागे दहाच जण बोलावतात, त्यामुळे ४० च्या खालचा पोरगा घरी बसल्यासारखाच. अग्निवीरसाठी १.६ किलोमीटरची धाव आणि वर पुलअप्स, दहा मारले तर पूर्ण ४० गुण.

आता हे शरीराच्या बाजूनं पाहा. १६०० मीटर म्हणजे दम. १०० मीटर म्हणजे स्फोटक ताकद. ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा म्हणजे कंबर आणि पोटाचा पीळ. तीन वेगळ्या जातीची कामं एकाच चाचणीत मागितली जातात, आणि तिन्हींचा भार येऊन पडतो धडाच्या मधल्या भागावर. गोळा हातानं फेकतात असं आपल्याला वाटतं, पण जोर येतो पायातून आणि तो हातापर्यंत पोचवतात पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू. ज्या पोरानं आयुष्यात कधी वजन उचललं नाही, तो भरतीची जाहिरात आली की पहिल्याच आठवड्यात दिवसाला पन्नास-पन्नास गोळे फेकतो. यूट्यूब बघून संध्याकाळी दोनशे सिटअप्स वेगळे. दहा-बारा दिवसांनी गोळा सुटायच्या क्षणी पोटाच्या बाजूला एकदम काहीतरी तुटल्यासारखं होतं. ही लचक नशिबानं आलेली नसते. सहा महिन्यांची तयारी सहा आठवड्यांत कोंबल्यामुळे ती येते, आणि जाहिरात कधी येईल याचा नेम नसल्यामुळे पोरं तयारी कोंबतात.

कळ, लचक आणि आतलं दुखणं

सगळ्यात जास्त दिसते ती धावतानाची कळ. बरगडीखाली, बहुतेकदा उजवीकडे, सुई टोचल्यासारखी. परदेशातल्या पाहणीत दहापैकी सुमारे सात धावपटूंनी वर्षभरात ती कधी ना कधी अनुभवल्याचं सांगितलं आहे, आणि कमी वयात ती जास्त येते. नेमकं कारण डॉक्टरांनाही पूर्ण सापडलेलं नाही. पोटाच्या आतलं अस्तर घासलं जातं आणि चिडतं, असं सध्या जास्त मानलं जातं. पण ती कशानं वाढते हे माहीत आहे. पोटात नुकतंच अन्न असलं, किंवा धावायच्या आधी गोडमिट्ट सरबत, ग्लुकोजचं घट्ट पाणी ढोसलं, की कळ आलीच म्हणून समजा. तेव्हा तर्री-पोहे धावून आल्यावर. पाणी घोट-घोट. कळ आली तर वेग कमी करून श्वास लांब सोडायचा, पुढे वाकून दुखतं तिथं दाबायचं. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत ती गेली तर काळजी नाही.

लचक वेगळी. ती थांबल्यावर जात नाही. एका बोटानं दाखवता येते. खोकलताना, शिंकताना, खाटेवरून उठताना लागते. हलकी असेल तर दोन-तीन आठवडे, मध्यम असेल तर महिना-दीड महिना, स्नायू बराच फाटला असेल तर त्याहून जास्त. पहिले दोन दिवस बर्फ आणि आराम. या दिवसांत तेल लावून जोरानं मळणं नको, कारण आत रक्तस्राव असेल तर चोळल्यानं तो वाढतो. गावातल्या मळणाऱ्या बाईचा किंवा बुवाचा हात हलका असेल, अनुभव मोठा असेल, त्याबद्दल आदर आहे. पण ताज्या लचकेला हात लावू नये एवढं त्यांनाही सांगायला हवं.

दुखणं वरच्या स्नायूचं की आतल्या अवयवाचं, हे पाहायची एक जुनी युक्ती डॉक्टर वापरतात. पाठीवर झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि डोकं-खांदे थोडे उचलायला सांगायचे. पोट ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा स्नायूचं. कमी झालं तर आत काहीतरी असू शकतं. यावरून कुणी घरी निदान करत बसू नये. पण "लचक आहे, राहू दे" म्हणण्याआधी प्रशिक्षकानं एवढं पाहायला हरकत नाही.

कारण आतली दुखणी वाट पाहत नाहीत. अपेंडिक्सचं दुखणं बेंबीपाशी सुरू होतं, काही तासांत उजवीकडे खाली सरकतं, सोबत उलटी, ताप, भूक मेलेली. कबड्डीत पकडीच्या वेळी गुडघा पोटात बसला आणि पोरगा पुन्हा उठून खेळला, तरी प्लीहेला झालेली इजा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसू शकते. डाव्या खांद्यात दुखणं, चक्कर, पांढरा पडलेला चेहरा ही तिची खूण. चौदा ते सतरा वयात हाडं अजून वाढत असतात. जोरात स्टार्ट घेताना जांघेजवळ "टक" आवाज झाला तर तिथं स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच ओढून निघालेला असू शकतो, आणि तो एक्स-रेशिवाय कळत नाही.

आणि एक गोष्ट, जी पोट्टे कुणालाच सांगत नाहीत. अंडकोषाला पीळ पडला की खालच्या पोटात भयंकर दुखतं, ओकारी येते. लाजेपायी पोरगा फक्त "पोट दुखते" म्हणतो. इथं हातात साधारण सहा तास असतात, त्यानंतर अंडकोष वाचण्याची शक्यता झपाट्यानं कमी होत जाते. रामटेकहून नागपूर पन्नास किलोमीटरच्या आसपास, नरखेडहून त्याहून बरंच लांब. "सकाळी पाहू" म्हटलं की संपलं. बापानं, काकानं, सरांनी सरळ विचारावं, "खाली दुखतंय का?"

मुलींचं गणित आणखी अवघड. पाळीच्या दिवशीच चाचणीची तारीख आली तर सांगायचं कुणाला? अकॅडमीत बहुतेक पुरुष प्रशिक्षक. मग रिकाम्या पोटी दोन गोळ्या घेऊन ८०० मीटर. पाळीचं दुखणं मुलीच्या ओळखीचं असतं. त्याहून वेगळं, एका बाजूला, अचानक आणि उलटीसह दुखलं तर ते पाळीच्या खाती टाकू नये, अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. हे मुलींना आधी सांगून ठेवायला एखादी ताई, एखादी शिक्षिका अकॅडमीत असायला पाहिजे. सगळ्यांकडून फी घेताना मुलगा-मुलगी भेद नसतो, मग इथं का?

विदर्भाला लागू असलेली वेगळी गोष्ट

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय आपल्या जिल्ह्यात जास्त गंभीर आहे, तो सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक दोन्ही मोठ्या प्रमाणात आहेत, हे आशाताईंना विचारा, त्या घरं दाखवतील. ज्याला आजार आहे त्याला पोटात, हाडांत असह्य कळा येतात आणि घरच्यांना बहुधा माहीत असतं. प्रश्न वाहकाचा आहे. वाहक म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून सदोष जनुक आलेला, बाकी ठणठणीत. तो खेळतो, पळतो, त्याला आयुष्यभर काही होत नाही. खेळू नये असंही कुणी म्हणत नाही.

मात्र प्रचंड उष्मा, अंगात पाणी कमी आणि सवय नसताना जिवाच्या आकांतानं केलेली धाव, हे तिन्ही एकत्र आलं तर क्वचित वाहकाच्या रक्तपेशी वाकड्या होतात, स्नायूंना रक्त पोचत नाही आणि स्नायू विरघळू लागतात. सुरुवात कशी होते? पाय, कंबर, पोट यात कमजोरी आणि दुखणं. नेहमीच्या पेटक्यात स्नायू दगडासारखा कडक होतो, इथं तो मऊच राहतो आणि पोरगा गळून खाली बसतो. लघवी चहाच्या रंगाची होते. त्या क्षणी "उठ, एकच राउंड राह्यला" म्हणणं जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेनं एका खेळाडूच्या मृत्यूनंतर २०१० पासून वरच्या गटातल्या खेळाडूंची सिकलसेल स्थिती तपासणं सक्तीचं केलं. आपल्याकडे तर सिकलसेल उच्चाटनाचं राष्ट्रीय अभियानच १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, गावात तपासणीची शिबिरं होतात, कार्डं वाटली जातात. पण ते कार्ड आणि भरतीची तयारी यांची गाठ कुणी घालून दिलेली नाही. कार्ड ट्रंकेत, पोरगा मैदानावर.

आणि नागपूरचं ऊन वेगळं सांगायची गरज नाही. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते. उन्हाळ्यात सकाळी साडेआठलाच डांबरी रस्ता तापतो. भरतीच्या मैदानावरचे मृत्यू राज्याला नवे नाहीत. जून २०१४ मध्ये मुंबईत पाच किलोमीटर धावताना किमान चार उमेदवार दगावले, त्यानंतर अंतर कमी झालं. राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर राहिलं, आणि २०२४ च्या जूनमध्ये नवी मुंबईत त्याच धावेत पुन्हा एक उमेदवार गेला. प्रत्येक वेळी कारण वेगळं असेल. पण शरीर आधी काहीतरी सांगतं आणि ते ऐकायला तिथं कुणी नसतं, एवढं या घटनांवरून नक्की म्हणता येतं.

या सगळ्यात दुखणं दाबणाऱ्या गोळ्या-सुया आगीत तेल ओततात. अंगात पाणी नसताना डायक्लोफेनॅकसारखं औषध घेऊन उन्हात धावलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं गेलं असं वाटतं, फाटलेला स्नायू तसाच असतो, आणि चाचणीच्या दिवशी शंभर मीटरच्या साठाव्या मीटरला तो उरलेला फाटतो.

वलनीचा पोरगा आणि आपला पोरगा

उमेश यादवचं नाव इथं घ्यावंच लागेल. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाण वसाहतीत वाढलेला हा पोरगा क्रिकेटकडे पूर्ण वळण्याआधी सैन्य आणि पोलीस भरतीचा प्रयत्न करून नापास झाला होता. म्हणजे आज रस्त्यावर धावणाऱ्यांपैकीच एक. पुढे २०११ मध्ये तो कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न कसोटीत चौथं षटक टाकताना त्याची पोटरी धरली. तो षटक अर्धवट सोडून बाहेर गेला, उरलेल्या दोन्ही कसोट्यांतून त्याचं नाव काढलं गेलं, आणि पुढची काळजी बोर्डाच्या फिजिओंनी घेतली. त्याच मालिकेत सिडनीत जसप्रीत बुमराहच्या पोटाचा स्नायू ताणला. मालिका बरोबरीत, ब्रिस्बेनची शेवटची कसोटी निर्णायक, तरी देशाचा पहिल्या नंबरचा गोलंदाज बाहेर बसवला. भारत ती कसोटी जिंकला आणि बुमराह ५ फेब्रुवारीला चेन्नईत परत खेळला. मुंबईच्या सूर्यकुमार यादववर जून २०२५ मध्ये पोटाच्या खालच्या उजव्या बाजूच्या स्पोर्ट्स हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो आशिया चषकात कर्णधार होता.

कुणी म्हणेल, ते करोडपती, आपली बरोबरी कुठं? बरोबर आहे. पण स्नायू त्यांचा आणि आपला एकाच मापानं भरून येतो. त्यांना तीन-चार आठवडे मिळतात, कुहीच्या पोराला तीन दिवस मिळत नाहीत, फरक एवढाच. बुमराह बाहेर बसला तर त्याचा पगार थांबत नाही. आपला पोरगा बाहेर बसला तर वयाची अट पुढे सरकते, अकॅडमीची फी गेलेली असते, घरी बहीण लग्नाची असते. त्याला "आराम कर" असा उपदेश करणं सोपं आहे. त्याला आराम करता येईल अशी तारीख देणं हे सरकारचं काम आहे.

आणि ते अशक्य नाही. २०२४ च्या भरतीत एकाच दिवशी दोन ठिकाणी चाचणी आलेल्यांना दुसरी तारीख देण्याचं आणि पावसानं मैदान भरलं तर चाचणी पुढे ढकलण्याचं पोलीस खात्यानंच जाहीर केलं होतं. पावसासाठी तारीख बदलते. मग शासकीय रुग्णालयाच्या दाखल्यावर, त्याच भरतीच्या मुदतीत, दुखापतग्रस्ताला एक वेळ पुढची तारीख मिळण्याची तरतूदही लेखी आणि जाहिरातीतच स्पष्ट असावी. खोटे दाखले येतील, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी दाखला मैदानावरच्या किंवा शासकीय डॉक्टरनं तपासूनच द्यावा. दुसरं, जाहिरात आणि मैदानी चाचणी यांत किमान किती आठवडे असतील ते आधीच सांगावं. पोरं उगाच कोंबाकोंबी करणार नाहीत.

शाळेच्या पातळीवर वेगळीच ओढ आहे. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडा गुण आणि नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यामुळे तालुका, जिल्हा, विभाग अशा स्पर्धा पोरं दुखत्या पोटानं खेळतात, आणि आई-बापच "एवढी मॅच काढ" म्हणतात. संघाच्या यादीवर सही करताना मुख्याध्यापकांनी एकदा तरी विचारावं की यातल्या कुणाला सध्या कुठं दुखतंय.

तालुक्याच्या पातळीवर पैशाशिवाय होण्यासारखं बरंच आहे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ खेळाडू आणि भरतीच्या पोरांसाठी ठेवता येईल, फिजिओथेरपिस्ट नागपूरहून आला तरी चालेल. अकॅडमी चालवणाऱ्यांनी प्रवेशाच्या फॉर्मवर रक्तगटाच्या खाली सिकलसेलचा एक रकाना वाढवावा. वाहक निघाला म्हणून कुणाला काढायचं नाही, फक्त उन्हात त्याला हळूहळू चढवायचं, पाण्यासाठी थांबू द्यायचं आणि तो "होत नाही" म्हणाला की ऐकायचं. गोळाफेक पहिल्या महिन्यात हलक्या गोळ्यानं, आठवड्यातून तीनच दिवस.

ज्यांनी सिकलसेलची तपासणी अजून केलेली नाही त्यांच्यासाठी, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते, बोटातून थेंबभर रक्त घेतात, आणि पहिली चाचणी संशयास्पद आली तरच पुढची लागते. गावच्या आशाताईंकडे शिबिराची तारीख मिळेल. आणि धावताना कुणी गळून पडला, पोट लाकडासारखं कडक झालं, उलटी थांबत नसली किंवा लघवी काळपट आली, तर चोळत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, १०८ ला फोन लावा आणि फोनवरच सांगा की पोरगा धावत होता आणि तो सिकलसेल वाहक आहे की नाही.